दाभाड्यांची लाल पाटी

आमच्या गल्लीतल्या दाभाड्यांकडे पहिल्यांदा चहाला गेलेला पाहुणा स्वयंपाकघराकडे बघून हमखास बिचकतो. मिक्सरच्या स्विचला एक लाल पाटी लटकत असते. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'धोका. माणूस काम करत आहे. स्विच लावू नये.' आणि खाली नाव, उ. रा. दाभाडे, मेंटेनन्स. पाहुणा आधी मिक्सरच्या भांड्यात डोकावतो, मग दाभाड्यांकडे बघतो. दाभाडे समोरच्या खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसलेले असतात. शेवटी निर्मलावहिनीच खुलासा करतात, की मिक्सर मधेच घुरघुरायचा, तो ह्यांनी बघायला घेतलाय, आणि पाटी निघेपर्यंत चटणी खलबत्त्यात. कधी घेतला बघायला, असं विचारलं तर म्हणतात, "आंब्याच्या दिवसांत." आणि तेव्हा दारावर बोरंवाली आलेली असते.

उत्तमराव दाभाडे वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. उभी हयात त्यांनी मशीनच्या पोटात डोकं घालून काढली. तिथला नियम असा, की मशीनवर काम करायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपल्या नावाची लाल पाटी लावायची आणि मगच आत हात घालायचा. ती पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. सुपरवायझर ओरडो, मॅनेजर येवो, माल अडकून पडो, दुसऱ्या कोणी पाटीला बोट लावायचं नाही. कारण पाटीच्या पलीकडे कोणाचा तरी हात उघड्या तारेवर असतो. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दाभाड्यांनी दोन्ही घेतलं आणि नम्रपणे विचारलं, की माझ्या पाट्या घरी नेऊ का, माझंच नाव आहे त्यांच्यावर, इथं कोणाच्या उपयोगाच्या. नियमात बसत नव्हतं म्हणे, पण नाही म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही.

तेव्हापासून त्या पाट्या आमच्या गल्लीत हिंडतायत. कधी गीझरला, कधी टीव्हीला, कधी गल्लीच्या पाण्याच्या मोटरीला. एका वर्षी जयंतीला चौकातल्या स्टेजचा माईक खरखर करायला लागला. दाभाड्यांनी मेन स्विच बंद केला, पाटी लावली आणि टेस्टर आणायला घरी गेले. घरी वैजापूरचे पाहुणे आलेले, ते त्यांच्याशी बोलत बसले. इकडे स्टेजवर प्रमुख पाहुणे ताटकळलेले. मंडळाचा अध्यक्ष चांगला दणकट गडी, गल्लीत कोणाच्या बापाला भीत नाही, पण तोही पाटीपर्यंत गेला, वाचली आणि परत आला. शेवटी पाहुण्यांनी माईकशिवाय भाषण केलं. घसा बसल्यामुळे ते लवकर आटोपलं आणि लोक अजून त्या भाषणाची तारीफ करतात.

दाभाड्यांचं बोलणंही त्या स्विचसारखंच. मधली जागा त्यांना मान्य नाही. "चालू का बंद, तेवढंच सांगा," हे त्यांचं पालुपद. वहिनींनी सांगायला सुरुवात केली, की शेजारच्या सुनेचं आणि सासूचं काल जरा बिनसलं होतं पण आज बोलताना दिसल्या, तर हे विचारणार, "म्हंजे चालू का बंद?" माझ्या तोंडून एकदा चुकून "बहुतेक चालू आहे" असं निघालं. त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कोणाचा विश्वासघात केला. "मोरेभाऊ," ते म्हणाले, "करंट बहुतेक नसतो."

आता मी, म्हणजे मोरे, तिथं काय करत होतो ते सांगायला हवं. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डिस्पॅचला आहे. आठवडाभर ट्रक कुठं अडकला आणि का अडकला, हेच फोनवर ऐकत असतो. सुट्टीच्या दिवशी मला दुसरं काही नको असतं, फक्त झोप हवी असते. पण माझं घर दाभाड्यांच्या समोर आहे आणि आमच्या दोन घरांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर त्यांची मोटरहोम उभी आहे. त्यामुळे गेलं वर्षभर माझी एकही सुट्टी माझी राहिली नाही.

मोटरहोम म्हणजे एका जुन्या मिनीबसमध्ये बसवलेलं घर. कुठल्याशा टूरवाल्यानं हौशीनं बनवून घेतलेली ही गाडी. आत झोपायचा बाक, छोटा ओटा, एक कपाट, मागं एवढासा संडास. पुढे ती म्हणे शूटिंगवाल्यांकडे गेली आणि त्यांनीही सोडल्यावर पैठण रस्त्याच्या एका भंगारवाल्याच्या आवारात उभी राहिली. दाभाड्यांना ती दिसली तेव्हा ओट्यावर कोंबड्या अंडी घालत होत्या. गाडी ओढून गल्लीत आणली त्या दिवशी गल्लीनं तिचं नाव 'बंगला' ठेवलं. निर्मलावहिनी दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. कोंबड्या राहू दिल्या असत्या तर निदान अंडी तरी मिळाली असती, एवढंच त्या म्हणाल्या.

हा उपद्व्याप कशासाठी, तर आक्कासाठी.

आक्का ही दाभाड्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दाभाडे रांगत होते. आक्कानं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, पुढे तिचं लग्न झालं नि मोडलं, ती परत इथंच आली आणि चितेगावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. त्या पोळ्यांवर दाभाड्यांचं आयटीआय झालं. आता तिची फुप्फुसं थकली आहेत. खोलीच्या कोपऱ्यात हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन दिवसरात्र घरघरत असतं आणि त्याची लांबलचक नळी आक्काच्या नाकात असते. नळी जिथवर पोचते तेवढं आक्काचं जग, म्हणजे पलंग, मोरी आणि ओसरीवरची खुर्ची. तिथं बसून ती गल्लीतल्या प्रत्येकाची खबर घेते आणि दम लागेपर्यंत चेष्टा करते.

कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारी बसून पोळ्या भाजणाऱ्या गयाबाई अजून चितेगावलाच राहतात. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांना घराबाहेर पडता येत नाही. दोघी रोज फोनवर बोलतात, म्हणजे एक धापा टाकते आणि दुसरी कण्हते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गयाबाईंनी सांगितलं, की मुलगा पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत येणार आणि जाताना त्यांना कायमचं सुरतेला नेणार. आक्का दोन दिवस कोणाची चेष्टा करेना. मग भावाला म्हणाली, "मला गयीला एकडाव बघायचंय. सुरत काय जवळ हाय का?"

चितेगाव आमच्यापासून असं किती लांब. डॉक्टर म्हणाले, छोटा सिलिंडर घ्या, गाडी करा, जाऊन या. मीही तेच म्हणालो. दाभाड्यांनी साफ नकार दिला. "सिलिंडर संपतो," ते म्हणाले. मी म्हणालो, बॅटरीही संपते. तर म्हणाले, "ती कशी संपती ते मला समजतंय." आणि दाभाड्यांनी भंगारात पाहून ठेवलेली गाडी घरी आणली. मशीनसकट आक्काला न्यायचं, वाटेत तिला आडवं होता यावं, संडासाची सोय असावी आणि करंट एक क्षणही जाऊ नये, अशी योजना होती. दिवाळीला अजून चांगला अवकाश होता.

गाडीत दोन संसार होते. एक गाडीची लाईन, म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर. दुसरी घराची लाईन, म्हणजे ट्यूब, पंखा, पाण्याचा पंप आणि मशीन जिच्यावर चालणार तो इन्व्हर्टर. दोघांनी आपापल्या जागी राहायचं, अशी मूळ कल्पना असावी. पण मधल्या मालकांनी जिथं जे बंद पडलं तिथं जवळची तार तोडून जोडलेली. ब्रेक दाबला की ओट्यावरची ट्यूब लागायची. डावा इंडिकेटर दिला की संडासातला पंखा फिरायचा. हॉर्न दाबला तर काहीच व्हायचं नाही, हॉर्नसुद्धा वाजायचा नाही. आणि पत्रा उचकटून पाहिलं तर आतल्या यच्चयावत तारा लाल. दाभाडे बराच वेळ त्या गुंत्याकडे बघत राहिले. "ह्याला वायरिंग म्हणत नाय," ते म्हणाले, "जखम म्हणतात."

माझं काम ठरलेलं. सकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात दिसलो, की हाक यायची. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबायचा, किंवा मागं बसून ट्यूबकडे बघायचं आणि ओरडायचं. चालू. बंद. चालू. बंद. दाभाडे गाडीच्या खाली पाठीवर झोपून एकेक तार धुंडाळायचे. माझी मान अवघडायची, डोळे मिटायचे, आणि खालून आवाज यायचा, "झोपलात का?" मी म्हणायचो, नाही. "मग चालू का बंद?" असं करत करत पितृपंधरवडा आला आणि मला झोपेतही ट्यूब दिसू लागली. आमच्या मंगलनं एकदा मध्यरात्री मला हलवून पाणी दिलं, कारण मी म्हणे बंद, बंद असं ओरडत होतो.

पण माणूस कामात पक्का. ब्रेकनं ट्यूब का लागते, हे त्यांनी शेवटी शोधलं. ड्रायव्हरच्या सीटखाली एक बोल्ट होता, त्याच्यावर सगळी अर्थिंग येऊन थांबलेली. बॉडी बनवणाऱ्यानं गाडीबरोबर तो बोल्टही रंगवून टाकलेला. करंटला घरी परतायला वाट नाही, म्हणून तो शेजाऱ्यांच्या घरांतून वाट काढत होता. दाभाड्यांनी तो रंग खरवडला, पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, लहान पोराचा कान धुवावा तसा आतून बाहेरून पुसला. मग मला ब्रेक दाबायला लावला. ट्यूब लागली नाही. संडासातला पंखा गप्प. मी हॉर्न दाबला आणि तो असा खणखणीत वाजला, की ओसरीवरून आक्कानं टाळी वाजवली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय. आता नवीनच सुरू झालं. घराच्या बॅटऱ्या भरून ठेवायच्या, सगळी बटणं बंद करायची आणि चार दिवसांनी पाहावं तर बॅटऱ्या रिकाम्या. दाभाड्यांनी बॅटरीच्या तारेत आपला टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक साधा बल्ब आणि दोन तारा, पण दाभाडे तो डॉक्टरच्या नळीसारखा गळ्यात घालून फिरतात. सगळं बंद असताना तो बल्ब मिणमिणत होता. "आत कोणतरी बेवडा बसलाय," ते म्हणाले, "गुपचूप पितोय." मग एकेक फ्यूज काढायचा आणि बल्ब विझतो का पाहायचं. ओट्याकडचा फ्यूज काढला तेव्हा तो विझला. म्हणजे चोर ओट्याच्या बाजूला. पण तिकडची ट्यूब बंद, पंप बंद, पंखा बंद. राहिलं काय, तर कपाट. कपाटात एक छोटा बल्ब होता, दार उघडलं की लागणारा आणि दार लावलं की विझणारा.

"इझतो का, हे कसं कळणार?" दाभाडे म्हणाले. मी म्हणालो, माझा मोबाईल व्हिडिओ चालू करून आत ठेवू आणि दार लावू. त्यांनी मान हलवली. मोबाईल बघतो, पण सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. सांगायला माणूसच पाहिजे. आणि त्यांनी कपाटाच्या आकाराकडे पाहिलं, मग माझ्या आकाराकडे पाहिलं.

पन्नाशीच्या माणसानं सुट्टीच्या दिवशी, गुडघे हनुवटीला लावून, लाकडी कपाटात बसणं हे दृश्य मी कोणाला दाखवावं असं नाही. दार लागलं. बाहेरून मंगलचा आवाज आला, आमचे हे इकडे आलेत का. दाभाडे म्हणाले, हो, कपाटात आहेत. मंगल एवढी कंटाळलेली होती, की तिनं पुढे काही विचारलं नाही. निघाले की जेवायला पाठवा, म्हणाली आणि गेली. आत माझ्या डोक्यावर बल्ब लखलखत होता. घट्ट बंद कपाटात मी माझे स्वतःचे तळवे स्पष्ट पाहत होतो. मी ओरडलो, "चालू!"

मी बाहेर पडलो तेव्हा मला निदान शाबासकीची अपेक्षा होती. दाभाडे बल्बच्या मागची फळी उघडून बसले होते आणि हलत नव्हते. दाराच्या बटणाला टाळून दोन तारा परस्पर जोडणारा एक वायरचा तुकडा तिथं होता. ह्याला जंपर म्हणतात. बटण खराब आहे का बल्ब, हे बघायला तात्पुरता लावतात आणि काम झालं की काढतात. त्याच्या टोकाला पिवळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपचं शेवटचं टोक नीट दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवताना नखानं शोधत बसायला नको म्हणून. गल्लीतल्या कुठल्याही बोर्डावर ते दुमडलेलं टोक दिसलं, की हात कोणाचा ते सांगावं लागत नाही.

"गाडी आणली त्याच आठवड्यात लावला असंल म्या," ते म्हणाले. "बल्ब बघायला." कारखान्यात जंपर विसरणाऱ्याला त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलेलं. मी म्हणालो, चला, सापडलं ना, सुटला प्रश्न. त्यांनी जंपर काढून खिशात ठेवला. मग घराच्या लाईनचा मेन स्विच बंद केला, त्याला लाल पाटी लावली आणि हात धुवायला गेले.

ती पाटी निघेना. बॅटऱ्या आता आठवडाभर भरलेल्या राहत होत्या, इंजिन सुरू होत होतं, हॉर्न वाजत होता. पण पाटी तशीच. विचारलं तर म्हणायचे, अजून एकदा बघतो. गल्लीत चकल्यांचे वास यायला लागले. गयाबाईंचा मुलगा सुरतेहून आला. आक्काचा फोन आता लांबत नव्हता, पलीकडून गयाबाई सामान बांधल्याचं सांगायच्या आणि दोघी फोन ठेवून द्यायच्या. निर्मलावहिनी नवऱ्याला काही बोलायच्या नाहीत, पण भांडी जोरात आपटायच्या. मलाही वैताग आला होता. वर्षभराच्या सुट्ट्या मी ह्या गाडीत घातल्या आणि ती जाग्यावरून हलायची लक्षणं दिसत नव्हती.

दिवाळीच्या ऐन दिवसांत दुपारी मी फराळाचा डबा घेऊन गेलो. गाडीचं दार अर्धवट उघडं होतं. आत बाकावर दाभाडे उताणे पडले होते. शेजारी आक्काचं जुनं, नवं घेतल्यावर बाजूला ठेवलेलं मशीन घरघरत होतं आणि त्याची नळी दाभाड्यांच्या नाकात होती. पाटी त्यांच्या छातीवर ठेवलेली. मी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणाले, "श्श. टाईम लावलाय."

मी डबा ओट्यावर ठेवून बसलो. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. रोज दुपारी ते पाटी काढून मशीन लावायचे, नळी स्वतःच्या नाकात घालायचे आणि ते बंद पडायची वाट बघत पडून राहायचे. दिवेलागणीला पाटी पुन्हा स्विचला. किती दिवस चाललंय, असं मी विचारलं. दसऱ्यापासून, म्हणाले. मी विचारलं, बंद पडलं का एकदा तरी?

"नाय."

"मग?"

"मोरेभाऊ, जंपर म्याच इसरलो होतो," ते म्हणाले. "आणखी काय इसरलो असंल, ते मला कसं ठाव?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी वर्षभरात कधी सांगितली नव्हती. गेल्या साली आक्काला छोटा सिलिंडर लावून रिक्षानं दवाखान्यात नेत होते. क्रांती चौकाच्या सिग्नलला गर्दीत अडकले. सिलिंडरचा काटा अर्धा भरलेला दाखवत होता आणि आतला ऑक्सिजन संपलेला होता. आक्काचे ओठ निळे पडायला लागले. समोर गाड्या, मागं गाड्या. ज्या माणसाला शहरातली कुठलीही बंद मोटर चालू करता यायची, तो बहिणीची पाठ चोळत नुसता बसून राहिला. रिक्षावाल्यानं हॉर्नचा धडाका लावून वाट काढली म्हणून वेळेवर पोचले. मला त्या क्षणी ह्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं, आणि कपाटात बसल्याचा राग पार निघून गेला.

ओसरीवर आक्काची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गाडी आणि ओसरी ह्यांत अंतर ते किती, तिनं सगळं ऐकलं असणार. तिनं मला हाक मारली आणि ती पाटी घेऊन यायला सांगितलं. मी दाभाड्यांकडे पाहिलं. पाटी दुसऱ्यानं उचलायची नाही. पण त्यांनी, नाकात नळी तशीच ठेवून, पाटीवरचा हात बाजूला घेतला, म्हणून मी ती त्यांच्या छातीवरून उचलली आणि बाहेर गेलो. तेही नळी काढून माझ्यामागे आले.

"वाच," आक्का म्हणाली.

मी वाचलं. धोका. माणूस काम करत आहे. स्विच लावू नये.

"काम कुठं करू लागला ह्यो?" तिला दम लागत होता, पण ती थांबत थांबत बोलली. "माणूस घाबरलाय, असं लिव्ह त्याच्यावर. मंग लटकव."

दाभाडे खाली मान घालून उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. आक्कानं नळी नाकात नीट बसवली. "त्या दिवशी सिग्नलला मी मेले का? नाय ना? तुझं रडं बघून मलाच तुझी फिकर लागली होती. अरे, मशीन बंद पडलं तर पडलं. गयी सुरतेला गेली म्हंजे मात्र गेली. तिथं तुझा टेस्टर चालत नाय, बाबा."

निर्मलावहिनी दारात येऊन थांबल्या होत्या. दाभाड्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली. तिच्याकडे पाहिलं, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि छातीच्या खिशात घातली. मग मला म्हणाले, उद्या सकाळी सुट्टी आहे ना तुमची. मी हो म्हणालो. मला माहीत होतं सुट्टीचं काय होणार, पण पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी आम्ही निघालो. आक्का बाकावर उशांना टेकून, पायाशी वहिनी, एक भरलेला सिलिंडर स्टेपनीसारखा कोपऱ्यात, आणि मशीनसमोर मी. मशीनवर एक हिरवा दिवा आहे. तो लागलेला आहे तोवर सगळं ठीक. दाभाडे एवढ्या हळू चालवत होते, की बजाजनगरच्या चौकात एक सायकलवाला आम्हाला ओव्हरटेक करून गेला आणि मागं वळून हसला. प्रत्येक गतिरोधकाला पुढून आवाज यायचा, चालू? मी म्हणायचो, चालू. लिंक रोडनं पैठण रस्त्याला लागलो, तिथं ट्रक, टेम्पो, ऊस. चालू? चालू. वर्षभर हा शब्द मी कंटाळून ओरडत आलो होतो. त्या दिवशी दर वेळी उत्तर देण्याआधी मी खरंच नीट बघत होतो. आक्का खिडकीबाहेर बघत होती आणि तिला दिसणारं सगळं मोठ्यानं सांगत होती. इथं एवढी दुकानं कधी झाली, हा पूल नव्हता, ती कंपनी बंद पडली वाटतं.

गयाबाईंच्या घरासमोर गाडी लागली. त्यांना पायऱ्या चढता येईनात, तेव्हा मुलानं आणि मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत घेतलं. गोरी, ठेंगणी, तोंडाचं बोळकं झालेली बाई. त्यांनी आक्काला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांची नजर नळीवर थांबली.

"नाकात काय घातलंय गं? नथ का काय?"

"व्हय," आक्का म्हणाली. "भावानं घडवलीय."

मग दोघी हसल्या आणि हसता हसता दोघींचेही डोळे वाहायला लागले. त्यानंतर त्यांचं जे सुरू झालं, त्यात आम्हाला जागा नव्हती. कॅन्टीनचा मुकादम, करपलेली पोळी कोणाच्या ताटात जायची, कोण कोणाबरोबर पळून गेली होती. वहिनी गयाबाईंच्या सुनेबरोबर चहाचं बघायला गेल्या. दाभाड्यांनी इन्व्हर्टरला हाताची पालथी बाजू लावून पाहिली, वायर चाचपली, बॅटरी पाहिली. मग काहीच बघायचं उरलं नाही. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले, आक्काच्या पायाशी. जरा वेळानं पाहिलं तर ते तिथंच मुटकुळं करून झोपले होते. तोंड उघडं, खिशातून लाल पाटीचा कोपरा बाहेर डोकावणारा. दसऱ्यापासून हा माणूस रात्री नीट झोपला नाही, असं वहिनी वाटेत मला म्हणाल्या होत्या.

गयाबाई काहीतरी सांगत होत्या, मुलगा सुरतेला घर कसं आहे ते दाखवतो वगैरे. मधेच दाभाडे झोपेत चुळबुळले आणि पुटपुटले, "चालू का बंद?"

मी सवयीनं दिव्याकडे पाहून तोंड उघडलं. आक्कानं हात वर करून मला थांबवलं. ती गयाबाईंकडेच बघत होती. तिनं तो हात भावाच्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"चालू हाय रे," ती म्हणाली. "झोप तू." आणि मग गयाबाईंना म्हणाली, "व्हय, मंग? घराला खिडक्या किती हायत?"